आठ माशांचा श्रावण

शांता रोज सव्वाआठला शिवाजी पार्कच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचली, की आधी आपला जेवणाचा डबा दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर ठेवायची आणि मगच बेल वाजवायची. बावीस वर्षांत एकदाही तिने तो आत नेला नव्हता. स्वयंपाकाला लागली त्या पहिल्याच दिवशी मृणालिनीवहिनींनी हसून सांगितलं होतं, "आमच्याकडे मासळी आत येत नाही हं. तुझं तू बाहेर ठेव. कोणी नेत नाही." लालबागहून येणाऱ्या त्या डब्यात कधी बांगडा असे, कधी नुसती चवळीची उसळ. पण डबा तिचा, म्हणून बाहेर.

मग आत यायचं, हात धुवायचे, बाल्कनीतला छोटा फ्रिज उघडायचा आणि कोळंबी काढायची.

ही कोळंबी माशांची. घरातल्या एकुलत्या एका मुलाने, ध्रुवने, हॉलमध्ये चार फुटी टाकी बसवून आठ डिस्कस पाळले होते. थालीपीठासारखे गोल, चपटे, अंगभर निळ्या रेघा. मोठी मानी जात. पाणी कोमट लागतं, खाणं ताजं लागतं. जरा काही बिनसलं की अंग काळवंडतं आणि कोपरा धरून उभे राहतात. वहिनींच्याने त्या खाण्याकडे बघवत नसे. "शांताला सवय आहे," त्या म्हणाल्या, आणि काम शांताकडे आलं. सुरी वेगळी, मिक्सर वेगळा, सगळं बाल्कनीत. शांता कोळंबीचा काळा दोरा काढायची. खाटकाकडचं बोकडाचं दिल आणून त्यावरची चरबी पातीने खरवडायची. त्यात उकडलेला पालक, लसणाची एक पाकळी घालून वाटायची आणि पिशव्यांत पातळ थापून गोठवायची. फ्रिजच्या दारावर ध्रुवच्या अक्षरात कागद होता : चरबी नको. मीठ नको, हळद नको. दिवसातून चारदा, थोडं थोडं.

"हळद पण नको? मग त्यात रे चव कसली?" तिने विचारलं होतं.

"मावशी, त्यांना तुझ्या हातचं कालवण नकोय. ते मला हवंय."

लहानपणी हाच ध्रुव जिन्यात बसून तिच्या डब्यातला बांगडा खायचा आणि तोंड पुसून, पेपरमिंटची गोळी चघळत घरात जायचा. ते दोघांनाच ठाऊक होतं.

मे महिन्यात तो नोकरीसाठी जर्मनीला गेला. निघताना टाकीसमोर उभा राहून म्हणाला, "तू बघशील ना?" शांता म्हणाली, "बघते."

श्रावण लागला त्या सकाळी बाल्कनीतला फ्रिज तिला रिकामा, पुसलेला मिळाला. आत पूजेची पत्री ठेवली होती.

"महिनाभर घरात नको ते," वहिनी म्हणाल्या. "त्यांनाही आपलं साधंच घालू. मटार, पालक, भिजवलेला राजगिरा."

"वहिनी, श्रावण मीपण पाळते. पण त्यांना कोण सांगणार?"

"सवय होते गं. माणसांना होते, माशांना न व्हायला काय झालं?"

"मग ते विकतचे दाणे तरी घालू."

"वाचलं मी डब्यावर. माशांची पूड असते त्यात."

"एका महिन्यानं कोणी मरत नाही," वहिनींचे यजमान रमाकांतसाहेब पेपरमागून म्हणाले.

मटार तळाशी पडून राहिले आणि फुगले. राजगिरा पाण्यावर तरंगला. चौथ्या दिवशी माशांच्या रेघा पुसट झाल्या. ज्याला ध्रुव सरपंच म्हणायचा तो सगळ्यांत थोराड मासा कोपऱ्यात तिरका उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांवरचं कपाळ आत गेलं होतं. ध्रुवला फोन करता आला असता. पण पोराजवळ त्याच्या आईचं गाऱ्हाणं सांगणं शांताच्या तोंडून होईना.

दुसऱ्या दिवशी ती मासळीबाजारात राधाबाई कोळणीच्या पाटीपुढे उभी राहिली.

"काय गो शांते, श्रावण बाटवलास?"

"माझ्यासाठी नाय गो. पावण्यांका कोळंबी होयी."

"असले कसले पावणे?"

"आठ जण आसत. नुसते डोळे वटारून बघतत."

कोळंबी ती चाळीच्या गॅलरीत बसून सोलायची, कारण श्रावणात तिची सून घरात सोलू देत नव्हती. सोलून झालं की पुन्हा डोक्यावरून अंघोळ. मग बारीक चिरलेली कोळंबी बर्फाच्या खड्यांत घालून डब्याच्या खालच्या कप्प्यात. डबा चपलांच्या कपाटावर. दुपारी दोनला वहिनी झोपल्या की दाराबाहेर जायचं, मुठीत आणायचं, चिमटीने सोडायचं. पहिल्या दिवशी एकच मासा पुढे आला. तिसऱ्या दिवशी सरपंच आला.

एकदा साहेब पाणी प्यायला उठले. शांताचा हात टाकीवरच राहिला. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग खाणाऱ्या माशांकडे जरा वेळ बघितलं, आणि पेला ठेवून आत गेले. साहेबांनी हो म्हटलं, असं तिने धरलं.

पंधरवड्याने ध्रुवचा व्हिडिओ कॉल आला. वहिनींनी फोन टाकीसमोर धरला.

"आई, रंग बघ काय खुललाय. घालतेस काय?"

"घरचंच. साधं. मी म्हणत होते ना, सवय होते."

"कमाल आहेस. मावशी कुठेय?"

"कामात आहे ती."

शांता स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती, कणकेचे हात घेऊन.

त्यानंतर दोनच दिवसांनी, अकराच्या सुमाराला, बाहेर काहीतरी दणकन पडलं. वहिनींनी दार उघडलं. शेजारच्यांच्या मांजराने डबा पाडला होता. वरच्या कप्प्यातली भाजी-पोळी तशीच होती. खालच्या कप्प्याचं झाकण उडालं होतं आणि कोळंबी वहिनींच्या उंबऱ्यापर्यंत सांडली होती.

"श्रावणात? माझ्या दारात?"

"माशांची आहे, वहिनी."

"रोज आणतेस?"

"रोज. ते खात नव्हते."

वहिनींचा आवाज चढला नाही, उतरला. "म्हणजे मी मुलाला खोटं सांगितलं. तू माझ्याकडून खोटं बोलवलंस."

"साहेबांना विचारा. त्यांनी बघितलंय."

साहेबांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली. "मला काय माहीत? मी दुपारी झोपलेला असतो."

टाकीत आठही मासे काचेपाशी आले होते. शांताची चाहूल लागली की हल्ली ते तसे यायचे.

"उद्यापासून येऊ नकोस," वहिनी म्हणाल्या आणि देवघराकडे गेल्या.

शांताने उंबरा पुसला. गॅस बारीक केला. हातांची कणीक धुतली, पिशवी घेतली. साहेब दार लावायला आले होते. तिने खालच्या कप्प्यात उरलेली कोळंबी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आत वळून बघितलं आणि हात पाठीमागे नेले. मग तिने तो कप्पा चपलांच्या कपाटावर, रोजच्याच जागी ठेवला, वर झाकण लावलं.

"दोन वाजता घाला साहेब. चिमूट चिमूट. उरलं की पाणी नासतं."