निम्मेकाकांचं दार

निम्मेकाकांची शिंकसुद्धा निम्मी असायची. ‘आऽऽ’ त्यांच्या घरात व्हायचं आणि ‘क्छी’चा धमाका आमच्या. दोन घरांमधली भिंत छपरापर्यंत गेलेलीच नव्हती. त्यामुळे शिंक, फोडणीचा ठसका आणि काका-काकूंचं भांडण, सगळं वरून आमच्याकडे यायचं. आईनं एकदा भीत भीत तक्रार केली, तर काका भिंतीपलीकडूनच ओरडले, “निम्मं तुमचं, निम्मं माहं, वयनी! कुरकुर कायले करता?”

ही वस्ती अकोल्याची, रुळांपलीकडची. काकांचे वडील तिथे वांगी आणि सांबार पिकवत. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे माझ्या पुण्याच्या आईला लग्नानंतर कळलं. तोवर तिनं दोनदा डाळ शिजवली होती.) मग कापसातली सरकी काढणारी जिनं आली, वाफे गेले, धुराडी उभी राहिली आणि कोंबड्याच्या आधी भोंगा आरवू लागला. हंगामात तर रुई उडून वरणात पडायची. काकांनी मळा विकला, एका शेटजीचं पडीक कापूस-गोदाम घेतलं आणि त्याची डागडुजी करून दोन बिऱ्हाडांचं घर काढलं. एकात काका-काकू, दुसऱ्यात आम्ही भाडेकरू. माझे वडील मूळचे अमरावतीकडचे, शेजारच्या जिनात मुनीम. मोठी माझी बहीण आक्का, धाकटी मी.

आता त्या दाराचं सांगते. गोदामाला गल्लीकडून एकच दार होतं, सागवानी, दोन कवाडांचं, नक्षीदार. गवंडी म्हणाला, भिंत थोडी सरकवू आणि शेजारी दुसरं दार पाडू. काका उखडले. “मंग निम्मं कसं होईन बे?” त्यांनी दाराच्या ऐन मध्यावर दोरी धरली आणि भिंत थेट उंबरठ्यापर्यंत आणून ठेवली. एक कवाड त्यांना, एक आम्हाला! त्यात भिंत ही जाडजूड, तिनंच दोन्हीकडची जागा खाल्ली. आम्ही सगळे आडवे होऊन घरात शिरायचो, खेकडे बरे. वडील आधी छत्री आत टाकायचे, मग स्वतःला. कुणी हसलं की काका बजावायचे, “आपला वऱ्हाड पाय. कागदावर निजामाचा, राज्य इंग्रजाचं, कचेरी नागपुरात. तो चालून राह्यला ना? मंग माह्या दारालेच काय धाड भरली?”

एका पावसाळ्यात त्यांचं छप्पर गळू लागलं. आमच्याकडे टिपूस नाही. दुपारी आईच्या कढीत टपकन थेंब पडला. ती वर पाहते तर काका छपरावर बसून आमचं एक कवेलू, म्हणजे कौल, बाजूला सारताहेत. “एकाच घरानं भिजायचं, हे बेइमानी हाय, वयनी!” दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोन्हीकडची गळती बुजवली. आई म्हणाली, “या माणसाला न्याय कळतो, अक्कल नाही कळत.” पण तिला ताप भरला तेव्हा काकू येऊन आमची चूल पेटवत होत्या, आणि काका भिंतीपलीकडे तिच्या वाटचं निम्मं कण्हत बसले होते. आईला त्या तापातही हसू फुटलं.

काकांना मूलबाळ नव्हतं. आक्का चालायला लागल्यापासून त्यांचा दावा ठरलेला: “हे पोट्टी निम्मी माही.” ती आमच्याकडे भाकरी खायची आणि तोंड पुसायला काकूंच्या पदराकडे जायची. ती लग्नाची झाली तसे काका आमच्याहून जास्त घाबरले. एक स्थळ तर गल्लीच्या तोंडावरूनच परत गेलं होतं. म्हणे, गोदामात राहणाऱ्यांची मुलगी नको. मग अमरावतीच्या एका शाळामास्तरांचं आलं. आक्कानं त्यांना चुलतबहिणीच्या लग्नात पाहिलं होतं, आणि त्यांचा विषय निघाला की ती उगीचच चुलीत फुंकर मारायची, चूल पेटलेली असली तरी. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून आई देव पाण्यात घालून बसली.

मास्तरांचे आईवडील अकोल्याजवळच्याच एका खेड्यातले, घरची शेती. त्यांचा निरोप काकांनी भिंतीवरून सांगितला.

“वयनी, पाहुणे रविवारी बंडीत येऊन राह्यले!”

वऱ्हाडात बंडी म्हणजे बैलगाडी. पुण्यात बंडी म्हणजे सदऱ्याच्या आत घालतात ती. आईचा चेहरा पांढराफटक.

“बंडीत? बायकासुद्धा?”

“हो ना! सारे एकाच बंडीत.”

आई खुंटीवरचे वडिलांचे सदरे मोजू लागली.

“तुमी फिकर नका करू,” पलीकडून काकांचा धीर. “म्या कडबा आणून ठेवला. सरकी बी भिजवतो.”

“पाहुण्यांना?”

“मंग! दमून येतीन बिचारे. जोडी लय गरीब हाय म्हणे, लाथ मारत नाही.”

संध्याकाळी वडील जिनातून आले तेव्हा आईनं त्यांचे होते नव्हते तेवढे सदरे पाहुण्यांसाठी इस्त्री करून ठेवले होते. खरा अर्थ ऐकल्यावर ती इतकी हसली की भिंतीपलीकडून काकूही हसू लागल्या, कशाला ते माहीत नसताना.

रविवारी बंडी आली. मास्तरांच्या आई उतरल्या आणि आमचं हसू विरलं. बाई खात्यापित्या घरच्या, चांगल्या ऐसपैस. त्यांनी आमच्या कवाडातून उजवा खांदा घातला, मग डावा. मग मधेच अडकल्या. काकूंनी आणि मी ओढून बाहेर काढलं. गल्लीतली पोरं खिदळली.

“मागच्या दारानं येता का?” आई पुटपुटली.

“मांगच्या दारानं?” बाई कडाडल्या. “आमी सोयरीक कराले आलो का चोरी कराले? पोरीच्या घरी आमाले निम्मंच दार? बैल जुंपा रे!”

आक्का आत पोह्यांचं ताट घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. काकांनी त्यांच्या कवाडातून मान काढून आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. त्या भिंतीला ते रोज सकाळी हातानं गोंजारत असत. ते आत गेले आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आले.

“काका, राहू द्या!” वडील ओरडले.

“चूप बसा, मुनीमजी!”

पहिल्याच घावाला विटा सुटल्या. धूळ, चुना, जुनी रुई, सगळं पाहुण्यांच्या अंगावर. उंबरठ्याजवळची भिंत कोसळली आणि दोन्ही कवाडं एकदम सताड उघडली. मास्तरांच्या आई नखशिखांत पांढऱ्या. काकांनी हात जोडले.

“बाई, इथं अंतरपाट धरला होता म्या. मुहूर्त लागला, काढला. या आता.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, डोक्यावरची रुई झटकली आणि अशा गदगदून हसल्या की बैल दचकले. एक पाय काकांच्या घरात, एक आमच्यात टाकून त्या आत आल्या.

“पोट्टी कोणत्या घरातली?”

“दोन्ही,” काका म्हणाले.

बैलांनी सरकी खाल्ली, पाहुण्यांनी धुळीसकट पोहे खाल्ले आणि स्थळ ठरलं. भिंत काकांनी पुन्हा बांधली नाही. “लग्नाची गर्दी होईन ना,” म्हणायचे.

लग्न घरामागच्या अंगणात झालं. आक्का त्याच बंडीत बसून निघाली, तेव्हा काका हमसून हमसून रडायला लागले. आईचा स्वतःचा पदर भिजलेला, तरी तिनं चिडवलंच, “अहो काका, निम्मी ना तुमची? निम्मंच रडा की.”

काकांनी मान हलवली. “नाई जमत, वयनी. पोट्टी पुरी गेली.”

बंडी जिनाच्या धुराड्याआड वळली. आई रडत रडत जाऊन बसली ती काकूंच्या चुलीपाशी, आणि काका आमच्या. आपण चुकीच्या घरात बसलोय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.