हिरव्या ठिपक्याचा ट्रक

करोल बागेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं उघडत होती, तेव्हा मी मेट्रोकडे निघालो. मंडी हाउसला गाडी बदलून फरीदाबादला उतरलो. युरोपातल्या छोट्या ट्रक कंपन्यांचं कामकाज तिथल्या एका कार्यालयातून चालतं, असं स्नेही वामनराव मेश्राम यांच्याकडून कळलं होतं आणि त्यावर मला वर्तमानपत्रासाठी लिहायचं होतं. त्यांची मुलगी प्राजक्ता तिथे नोकरी करते. घराणं मूळचं भंडाऱ्याचं, मुलगी दिल्लीतच वाढलेली.

कार्यालय पंख्यांच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली ठेल्यावर (हातगाडीवर) राजमा-चावल खाऊन वर गेलो. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर युरोपचा नकाशा होता आणि त्यावर ठिपके सरकत होते.

"हे सगळे ट्रक आहेत, काका," प्राजक्ता म्हणाली. "तिकडे ड्रायव्हर मिळत नाहीत, ऑफिसला माणूस मिळत नाही. मग टोल, पार्किंग, बोटीचं बुकिंग आम्ही इथून बघतो. जो क्लायंट जेवढं पॅकेज घेईल तेवढं."

युरोपात ठरावीक तास गाडी चालवल्यावर ड्रायव्हरला थांबावंच लागतं. टॅकोग्राफ (गाडीच्या हालचालींची नोंद ठेवणारं यंत्र) ते तास मोजतो. चालत्या ट्रकचा ठिपका निळा, थांबलेल्याचा हिरवा. हिरवा म्हणजे विश्रांती, म्हणजे त्याच्याकडे बघायचं कारण नाही.

प्राजक्ता मात्र एका हिरव्या ठिपक्याकडे बघत होती. मारियुस नावाच्या रोमानियन ड्रायव्हरचा ट्रक जर्मनीत थांबला होता. त्याची सक्तीची विश्रांती संपून गेली होती, तरी तो हलला नव्हता.

"अच्छा है ना यार," टीम लीडर त्यागी शेजारून म्हणाला. "जितना रेस्ट, उतना सेफ."

तिने नकाशा मोठा केला. ट्रक पार्किंगमध्ये नव्हता. पेट्रोल पंपातून बाहेर पडायच्या रस्त्यावर होता.

"काका, वाटेत गाडी लावून कोणी झोपतं का?"

तिने मारियुसला फोन लावला. पुन्हा लावला. उचलला गेला नाही. मग ट्रकच्या मालकाला लावला. तोही लागेना.

"इनके पैकेज में इमरजेंसी है क्या?" त्यागीने विचारलं.

"नाही आहे," ती मराठीतच म्हणाली आणि टेबलावरच्या फोनवर ११२ फिरवला. युरोपातला मदतीचा हा क्रमांक ती ड्रायव्हरांना रोज सांगते.

"हां जी, कौन सा सेक्टर?" पलीकडून आवाज आला.

११२ आपल्याकडेही आहे. फोन हरयाणा पोलिसांना लागला होता.

"सर, ट्रक जर्मनी में है."

"मैडम, ये जर्मनी कौन से थाने में लगता है?"

कोणी हसलं नाही. तो माणूस कुठे आणि कधीपासून थांबलाय, हे या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. त्याच्याकडे कोणाला पाठवायचं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. बातमीच्या धंद्यात बरंच पाहिलं आहे. तरी मी वही मिटून खिशात घातली.

प्राजक्ताने नकाशावरून त्या पंपाचा नंबर शोधला. एका बाईने फोन उचलला. मोडक्या इंग्रजीत बोलणं झालं. "प्लीज, त्याच्या खिडकीवर वाजवा," एवढंच प्राजक्ता पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाईने फोन चालूच बाजूला ठेवला आणि ती ट्रककडे गेली. पलीकडून दुकानातलं संगीत ऐकू येत होतं. त्यागी खुर्चीतून उठून आमच्या मागे येऊन उभा राहिला.

बाई धापा टाकत परतली. काच फोडावी लागली होती. माणूस स्टिअरिंगवर कोसळलेला, पण श्वास चालू. अॅम्ब्युलन्स बोलावली होती.

प्राजक्ताने फोन ठेवला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून बसून राहिली. "पानी पी ले," त्यागी म्हणाला. "पैकेज का मैं देख लूंगा." पडद्यावर ठिपका हिरवाच होता.

ऊन उतरताना मी निघालो. परत मेट्रोत शिरावंसं वाटेना, म्हणून ऑटो केली. बदरपूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग लागली होती. दिल्लीत शिरायची परवानगी मिळेपर्यंत ते तिथेच थांबतात. एका ट्रकमध्ये ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून निश्चल पडलेला दिसला. मी ऑटो थांबवायला लावली, पायरीवर चढलो आणि काचेवर जोरजोरात वाजवलं.

तो दचकून उठला. काच खाली करून त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"क्या है भाई? सोने भी नहीं देते?"

मी हात जोडून खाली उतरलो. त्याने पुन्हा डोकं टेकलं. पाठ वर-खाली होताना दिसली, तेव्हा मी ऑटोत बसलो.