उत्तरेच्या भिंतीतले दोन दगड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही, देवापुढं बसूनसुद्धा नाही — कारण देवापुढं बसलो की नेमकी तीच भिंत समोर येते. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागलं की बऱ्याच पुढं एक फाटा आत जातो. तिथल्या एका गावात काळ्या दगडाचं जुनं शिवमंदिर आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तुम्ही कदाचित जाऊनही आला असाल. घरी पाहुणे आले की लोक वेरूळ दाखवतात, आणि ज्यांना गर्दी नको असते त्यांना इकडं आणतात. मीही आणतो. आणावं लागतं. ‘दाजींनी स्वतः काम केलंय तिथं’ असं मेहुणा कौतुकानं सांगतो, आणि मी गाडीची किल्ली घेतो.

या मंदिराच्या बाहेरून, छातीएवढ्या उंचीवर, वाजवणाऱ्या-नाचणाऱ्यांची एक रांग भिंतभर फिरते. उत्तरेच्या बाजूला एक मृदंग वाजवणारा आहे. खांदा आहे, दंड आहे, कोपर आहे — आणि कोपराशी दगड संपतो. पुढच्या दगडावर त्याचा हात हवा, मृदंग हवा. तिथं एक नाचणारी उभी आहे. मृदंग आणि त्यावर पडलेला पंजा तिच्याही पलीकडच्या दगडावर आहे. त्या पंजाला माणूस नाही. तिथला गुरव सांगतो की हा देवाचा हात, वाजवणारा डोळ्यांना दिसत नाही. लोक त्यावर फूल ठेवतात. मागच्या खेपेला माझ्या बायकोनंही ठेवलं.

तो देवाचा हात नाही. ते दोन दगड एकमेकांच्या जागी बसलेत. आणि ते माझ्यामुळं.

सव्वीस वर्षं झाली. ती भिंत फुगून बाहेर आली होती, म्हणून उतरवून पुन्हा बांधायचं काम निघालं होतं. मी तिथं नकाशे काढायला होतो — रोजंदारीवर, कायम होण्याच्या आशेवर. अशा कामाची एक रीत असते. कोरीव बाजूला रंगाचा ठिपकाही लावायचा नाही. वरचा थर निघाला की खालच्या दगडाची माथ्याची बाजू उघडी पडते, तिथं तेलरंगानं नंबर टाकायचा. तोच नंबर नकाशात. मग दगड खाली घ्यायचा. तेलरंगच का? कारण खाली आलेला प्रत्येक दगड बायका पाण्यानं आणि काथ्यानं घासून धुतात, जुना चुना निघेपर्यंत. नंबर टाकायचं काम माझं. माझं एकट्याचं.

त्या दिवशी चार वाजता मला संभाजीनगरला, छावणी भागात, मुलगी बघायला जायचं होतं. तेलरंग वाळायला वेळ लागतो. मी त्या रांगेतल्या दगडांवर खडूनं नंबर टाकले. नकाशा उद्या भरू म्हटलं, आणि गेलो. मुलगी पसंत पडली. आज ती माझी बायको आहे — तिला हे कसं सांगू, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी अकराला पोचलो तर दगड धुऊन ओळीनं मांडलेले. स्वच्छ. एकावरही खडूचा माग नव्हता. बायकांना कुणी सांगितलं होतं का, की आज खडू आहे म्हणून? सांगायचं मीच होतं.

तेव्हा बोललो असतो तर? दोन शिव्या बसल्या असत्या. फार तर काम गेलं असतं. मी बोललो नाही. डबा उघडला आणि आठवेल तसे नंबर तेलरंगानं टाकत गेलो. नकाशाही त्याबरहुकूम भरला. बहुतेक बरोबर आले. दोन चुकले.

आता किसनमामा. पिढीजात पाथरवट, तेव्हा पन्नाशीचे. अंगानं किडकिडीत, कानात बाळी, बोलणं कमी. दगड बसवायचं काम त्यांच्याकडं होतं. मृदंगवाल्याशेजारी नाचणारीचा दगड ठेवला आणि ते थांबले. कडेवरून बोट फिरवलं. मला हाक मारून म्हणाले, “साहेब, हा दगड इथला नाय. शेजारी ह्याला ओळखंना.”

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. मी त्यांना विचारलं, “मामा, दगड बोलतात व्हय तुमच्याशी?” सगळे हसले. मग मी नकाशा उघडून त्यांच्यापुढं धरला. त्यांना अक्षरओळख नव्हती, आकड्यांपुरती होती. नंबर जुळत होता. जुळणारच. त्यांनी पुन्हा एकदा सांगून बघितलं की सांधा बसायचा तर कड तासावी लागेल, आणि एकदा तासली की तासली. मी म्हणालो, तासा.

त्यांनी तासली. दोन्ही दगडांची. वरून पुढचे थर चढले, आणि माझ्या अक्षरातले ते नंबर भिंतीच्या आत गेले. आजही आत आहेत.

दोन महिन्यांनी वरचे साहेब तपासणीला आले. त्यांच्याजवळ त्या भिंतीचा एक जुना फोटो निघाला. फोटोत मृदंगवाल्याचा हात मृदंगावर होता. कडा तासल्या नसत्या तर दगड काढून अदलाबदल करताही आली असती. आता काही उपाय नव्हता. तासलं कुणी, असं त्यांनी विचारलं, आणि लेखी मागितलं.

मी लिहून दिलं. पाथरवटानं नंबर न बघता दगड बसवले आणि न विचारता कडा तासल्या. नकाशा तेवढा पुन्हा काढला — फोटोप्रमाणं, बरोबर. जुना कागद फाडला. चार ओळींचं पत्र होतं, खाली माझी सही.

किसनमामांना बोलावून विचारलं. ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता सांगतील. भांडतील, दगड धुणाऱ्या बायकांना साक्षीला उभं करतील. ते एवढंच म्हणाले, “छिन्नी माझीच व्हती.” मुकादमानं त्यांना त्याच दिवशी काढलं. पुढं कुठल्याच देवळाच्या कामावर त्यांना कुणी घेतलं नाही — असली बातमी पसरायला वेळ लागत नाही. पैठणच्या रस्त्याला, बिडकीनच्या अलीकडं, लेकीच्या दारात बसून ते पाटे-वरवंटे घडवायला लागले. मी कायम झालो. जाता-येता बसच्या खिडकीतून ते दिसायचे. मी बाजू बदलून बसायचो.

इथं थांबलो असतो तरी माझं पाप पुरेसं होतं. पण मला सांगायचंय ते पुढंच आहे. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरतोय.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या लेकीचा, सुनंदाताईंचा फोन आला. मामांची तब्येत उतरली होती. त्यांना एकदा ते देऊळ बघायचं होतं आणि सोबत मी हवा होतो. मीच का? सुनंदाताई म्हणाल्या — ‘आबा रोज एकच इचारतात. तुमालाच म्हाईत असंल, म्हणतात.’

मी गाडी घेऊन गेलो. मामा मागं बसले होते, मुठीएवढे झालेले. देवळापाशी उतरल्यावर गाभाऱ्याकडं गेलेच नाहीत. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून थेट उत्तरेला आले. डोळ्यांना कमी दिसत होतं. बोटांनी चाचपत त्यांनी तो सांधा शोधला, आणि सापडल्यावर बोट तिथंच ठेवलं.

मग म्हणाले, “साहेब, डोक्यातून लई निसटलंय आता. कड तासली, ते ध्यानात हाय. पर त्याच्या आधीचं काय बी आठवंना. तुमी कायतरी दावलं व्हतं का मला? का माझाच हात चुकला?”

त्यांना आठवत नव्हतं. सव्वीस वर्षं लोकांनी चुकला म्हटलं, आणि स्वतःचं खरं त्यांच्याकडून निसटून गेलं. ते भिंतीच्या आत होतं आणि माझ्यात होतं. तिसरीकडं कुठं नव्हतं. सुनंदाताई माझ्याकडं बघत होत्या. नोकरीची मला आता कसली भीती? निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. ते साहेब वारले, तो मुकादम वारला. मला कुणीही काहीही करणार नव्हतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं, एका मरत्या माणसापुढं.

मी म्हणालो, “जाऊ द्या मामा. माणसाकडून होतं एखाद्या वेळी.”

समजलं का तुम्हाला, मी काय केलं? मी त्यांना माफ केलं. माझ्या गुन्ह्याची माफी मी त्यांना दिली — मोठ्या मनानं, हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून. आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे. मला बरं वाटलं.

त्यांची मान खाली गेली. मग दोन्ही तळवे त्या दगडांवर टेकवून, एखाद्या लेकराशी बोलावं तसं पुटपुटले — ‘चुकलो गं बाई, चुकलो रं बाबा.’ नाचणारीला एकदा, मृदंगवाल्याला एकदा. सुनंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. चैत्रात मामा गेले. तेराव्याला मी गेलो नाही.

पण त्या दिवशी भिंतीपासून ते मागं वळले. मला वाटलं, आता गाडीकडं जायचं, म्हणून मी आधाराला हात पुढं केला. त्यांनी हात धरला नाही. लेकीला म्हणाले, साहेबांनी इतकी वर्षं मनात ठेवलं नाय बघ. आणि माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा असलेला तो माणूस, भिंतीला धरून, सावकाश माझ्यापुढं वाकला.

मी पाय मागं घेतले नाहीत.