आता आमी कवा यायचं?

निवृत्तीमामांच्या घरी कुणीही आलं, तरी चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत त्याला एक प्रश्न ठरलेला असायचा. "बरं, आता आमी तुमच्याकडं कवा यायचं?" पाहुणा हसून म्हणायचा, या की कधीही. इथंच तो फसायचा, कारण मामा खरोखर जायचे. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस एकदा त्यांच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकला. तो चुडाव्याचा निघाला. पुढच्या आठवड्यात मामा धुतलेला सदरा घालून, पिशवीत वांगी घेऊन रेल्वेने चुडाव्याला हजर! त्या बिचाऱ्याला वाटलं, बिलाची तक्रार आली. तो मागच्या दाराने सटकला. मामा त्याच्या आईशी तासभर बोलले, चहा प्याले आणि परत आले.

निवडणुकीत एक उमेदवार मत मागायला आले आणि मामांच्या ओसरीवर पाच मिनिटं बसून गेले. ते निवडून आल्यावर मामा परतभेटीला बंगल्यावर पोचले. काम काय, असं विचारल्यावर मामा म्हणाले, काम न्हाई. बदली नको, रस्ता नको, दाखला नको, असा माणूस त्या बंगल्यात आजवर आला नव्हता. सगळ्यांनी धसका घेतला आणि मामांना तीन तास बाहेर बसवून ठेवलं. शेवटी भेट झालीच नाही. मामांच्या मते ती भेट अजून बाकी होती.

मामा काही माझे सख्खे मामा नव्हेत. झरीत ते सगळ्यांचेच मामा, आणि मी त्यांचा शेजारी. माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे, आणि थंडीत शेतावर हुरडा पर्यटन चालवतो. पुण्या-मुंबईची मंडळी येतात, कोवळी ज्वारी भाजून खातात, बैलगाडीत बसून ओरडतात आणि फोटो काढून जातात. रस्त्यावरच्या पाटीवर मी झोकात लिहून घेतलं होतं, 'पारंपरिक घराचे दर्शन'. ते पारंपरिक घर मामांचं. आता मामांकडं ट्रॅक्टर होता, फ्रीज होता, आणि ते पायजमा घालायचे. पण शनिवार-रविवारी मी फ्रीजवर घोंगडं टाकायला लावायचो, मामांना धोतर नेसायला लावायचो आणि मामींना गॅस सोडून चुलीपुढं बसवायचो. तुझे पाव्हणे ते आमचे पाव्हणे, एवढं म्हणून मामा धोतराला हात घालायचे.

त्या प्रत्येक पाहुण्याला मामांनी आपला प्रश्न विचारला, आणि प्रत्येकाने 'या ना पुण्याला' म्हटलं. मामा एकदा गेलेच. सोबत पिशवीभर हुरडा. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने वर फोन लावला. साहेबांनी निरोप दिला की, डिलिव्हरी असेल तर खालीच ठेवा. मामा पिशवी ठेवून त्याच पावली परतले.

"घर लय उंच हाय त्यांचं," मला म्हणाले. "खालून बघितलं."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सीझन चालू होता, म्हणून धोतरही चालू ठेवलं.

मग खताच्या कंपनीने चांगली विक्री करणाऱ्या चाळीस दुकानदारांना व्हिएतनामची सहल दिली, जोडीने. माझ्या बायकोने विमानात पाय ठेवायला साफ नकार दिला, म्हणून तिच्या जागी मी मामांना नेलं. आम्ही सगळे कंपनीच्या हिरव्या टोप्या घालून हिंडत होतो. लांबून बघणाऱ्याला कोथिंबिरीची जुडी वाटली असती. चौथ्या दिवशी बस डोंगर चढायला लागली. ह्मोंग नावाच्या डोंगरी लोकांचं गाव बघायचं होतं. मामांनी मला कार्यक्रमाचा कागद वाचायला लावला. त्यात लिहिलं होतं, 'पारंपरिक ह्मोंग घराचे दर्शन'. मामांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

गाव देखणं होतं. उतारावर भाताच्या पायऱ्या, लाकडी घरं, दारात निळीत बुडवलेलं काळपट कापड वाळत घातलेलं. आमची बस थांबली, तेव्हा एक म्हातारा घरामागे घाईघाईने अंगातलं जाकीट काढून काळा पारंपरिक डगला चढवत होता. मामांनी मला कोपर मारलं.

"दत्ता, त्याचं धोतर बघ."

मी तिकडं बघायचं टाळलं.

आम्ही घरात शिरलो, तेव्हा तो म्हातारा आणि त्याची बायको चुलीजवळ जेवायला बसली होती. चाळीस दुकानदार आणि त्यांच्या बायका आत घुसल्या. एकाने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि बाकीच्यांना कळवलं की, भातच हाय. एकाने आढ्याला टांगलेली मक्याची कणसं मोजून इथं कोणतं वाण चालेल ते सांगितलं. पाथरीच्या एका दुकानदाराने म्हातारीचं डोक्याचं फडकं आपल्या डोक्याला गुंडाळून व्हिडिओ काढून घेतला. म्हातारा मान वर न करता जेवत राहिला. ती मान माझ्या ओळखीची होती. दर शनिवारी मी ती झरीत बघत होतो.

मामा आत आलेच नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला काढून दगडावर बसले. मी बोलवायला गेलो, तर म्हणाले, "मानूस जेवायलाय. जेवणाऱ्याच्या ताटात बघायचं नसतंय. त्यायनं बोलावलं की येतो."

मंडळी फोटो काढून पुढच्या दुकानात गेली. मामा बसलेलेच. आमची गाइड त्याच गावची मुलगी होती. हे आजोबा का बसलेत, असं तिने विचारलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि तिने आत जाऊन सांगितलं. म्हातारा हात पुसत बाहेर आला. निळीने त्याची बोटं कायमची निळी झालेली. त्याने मामांना नीट न्याहाळलं, मनगट धरलं आणि आत नेलं. उकडलेलं कणीस दिलं, गरम पाणी दिलं. मामांनी पिशवीतून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. चटणीने म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने पुन्हा घेतली. बाहेर बस हॉर्न देत होती. मामांनी मला सांगितलं, "इच्यार त्यायला. आमी तर आलो, आता तुमी झरीला कवा येता?"

मुलीने विचारलं. म्हातारा-म्हातारी एकमेकांकडं बघून हसली. मग म्हातारा हसायचा थांबला आणि सावकाश काहीतरी बोलला. मुलीने मला सांगितलं, "ते म्हणतात, इतकी वर्षं लोक येतात, पण आमच्याकडं या म्हणणारे हे पहिलेच. येईन म्हणतात."

मामांनी लगेच माझ्या डायरीचं पान फाडून पत्ता लिहिला. मु. पो. झरी, जि. परभणी. खाली सूचना, 'बसमधून उतरल्यावर कुणालाही विचारा.' सगळं मराठीत. बसमध्ये चढेपर्यंत मी हसत होतो.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी पाहुण्यांचा घोळका घेऊन मी मामांच्या दारात गेलो. मामा पायजम्यात. फ्रीज उघडा. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दत्ता, घर बघायला कुनाला आनू नको. बसायला आन. पन्नास आन, चहा पाजतो."

मी चिडलो. लोकांना पारंपरिक लागतं, पाटी छापून झालीय, असं बरंच बोललो. मामा शांतपणे म्हणाले, मग तुझं घर दाखव, तुझ्या बायकोला बसव चुलीपुढं. हे माझ्या बायकोने कुंपणाआडून ऐकलं. संध्याकाळी पाटीवरची ती ओळ मी स्वतःच्या हाताने खरवडून काढली.

मामांनी जुनी बाज नव्याने विणून घेतली, ओसरीवर टाकली, तिच्यावर धुतलेली चादर आणि एक लोड ठेवला. तिच्यावर कुणाला बसू देत नसत. मी एकदा टेकलो, तर ऊठ म्हणाले, ती पाव्हण्याची हाय. गावाला चेष्टेला विषय मिळाला. डोंगरातले पाव्हणे कुठवर आले, असं लोक विचारायचे. "निघाले असतील," मामा म्हणायचे, "लांबचा पल्ला हाय." दोन वर्षं ती बाज रिकामी होती.

गेल्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने मामा गेले. दवाखान्यात मामींना म्हणाले, पाऊस आला की बाज आत घेत जा. माझा बाप गेला तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो.

या थंडीत कंपनीची पुन्हा तीच सहल, पुन्हा तेच गाव. बाकीचे घरात घुसले. मी चपला काढून त्याच दगडावर बसलो. थोड्या वेळाने म्हातारा बाहेर आला. त्याने मला ओळखलं, आणि माझ्या मागे, बसच्या दाराकडं बघत राहिला. मामा गेले, हे मी त्याच गाइड मुलीला सांगितलं. तिने त्याला सांगितलं. तो आत गेला आणि धुराने काळं पडलेलं डायरीचं पान घेऊन आला.

"ते विचारतात, त्यांची बायको आहे का?" मुलगी म्हणाली.

आहे, मी म्हणालो.

"मग मला जायला पाहिजे, म्हणतात."

मी मोबाइल काढून मामींना व्हिडिओ कॉल लावला आणि कोण आहे ते सांगितलं. म्हाताऱ्याने टोपी काढली, ताठ उभा राहिला आणि काही बोलला नाही. आपल्याकडंही दुखवट्याला गेल्यावर आधी कुणी बोलत नाही. मामींनी डोक्यावर पदर ओढला.

"दत्ता, त्यायला असं उभं ठिवू नको. थांब जरा."

चित्र हललं. ओसरीचा खांब दिसला, मग विणलेली दोरी. मामींनी आपला मोबाइल त्या बाजेवर, लोडाला टेकवून ठेवला.

"बसा पाव्हणं. चहा टाकते," असं म्हणून त्या आत गेल्या.

समोर झरीचं अंगण दिसत होतं. म्हातारा माझ्याशेजारी दगडावर बसला. त्याने इकडंतिकडं बघितलं नाही. खाली बस हॉर्न देत होती. चहा होईपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो.