मिरचीचा चटका

केककाकूंचा ताप गेला आणि जाताना नाक-जीभ दोन्ही घेऊन गेला. अंथरुणावरून उठल्यावर त्यांनी केक केला, भट्टीतून काढून नेहमीसारखा नाकाशी धरला आणि जागीच थबकल्या. वासच नाही. तुकडा तोंडात टाकला, तर ओला पुठ्ठा चघळल्यासारखं लागलं.

सांगायचं कोणाला? अख्ख्या गल्लीचे वाढदिवस त्यांच्या हातच्या गोडावर व्हायचे. मुलगा परगावी नोकरीला, घरात त्या आणि सून. "आई, आता पुरे झालं, आराम करा," हे सुनेचं पालुपद चालूच होतं. तिला हे कळलं तर केकची भांडी माळ्यावर जाणार, हे नक्की. काकूंनी तोंडाला कुलूप लावलं आणि नुसत्या हाताच्या सवयीवर केक करत राहिल्या.

एकदा मिरच्या निवडताना बोट ओठाला लागलं. चर्रकन भाजलं! काकूंनी मुद्दाम तेच बोट जिभेवर फिरवलं. तिथेही आग. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या एकट्याच हसत होत्या. त्याच दुपारी त्यांनी चॉकलेट वितळवून त्यात भाजलेल्या मिरचीची पूड घातली आणि वड्या पाडल्या.

"काकू, हे काय भलतंच!" खालच्या मजल्यावरचे शिंपीदादा म्हणाले. मग हळूच हात पुढे केला. "अजून एक द्या बरं."

मिरचीच्या चॉकलेटाचा बोलबाला झाला. पण काकूंना तो चटका हळूहळू पुरेना. पूड वाढत गेली. अखेर शिंपीदादा एकदा दारातूनच ओरडले, "जीभ सोलून निघाली की! कोणावरचा राग काढताय?"

काकूंनी हसण्यावारी नेलं. सून हसली नाही.

"आई, तुम्ही चाखून बघता ना?"

"न चाखता देईन का मी कोणाला?"

त्या दिवसापासून सुनेची नजर काकूंच्या पाठीला टोचू लागली. ती स्वयंपाकघरात आली की काकू उगाच चमचा तोंडात घालून "वा!" म्हणायच्या.

पुढच्या आठवड्यात शाळेतल्या एका बाईंच्या निरोप समारंभाला मिरचीची टॉफी हवी होती. काकूंनी दुधात मिरच्या घालून पातेलं गॅसवर ठेवलं, दार-खिडकी लावून घेतली, म्हणजे उग्र वास शेजारी जायला नको, आणि बाहेरच्या खोलीत टॉफीचे कागद कापायला बसल्या. कापता कापता वेळ कसा गेला ते कळलंच नाही. परत आल्या तेव्हा दूध उतू जाऊन ओट्यावर पसरलं होतं. ज्योत विझली होती.

"मेलं दूध," म्हणत त्यांनी ओटा पुसला आणि लायटर उचलला.

"आई! हात खाली!"

सून दारात होती, पदर नाकाशी धरलेला. काकूंचा अंगठा लायटरवर तसाच थिजला. सुनेने झडप घालून तो काढून घेतला, शेगडीचं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि सासूला अक्षरशः ओढत जिन्यात आणलं.

"अर्ध्या जिन्यापर्यंत गॅसचा वास येतोय! तुम्हाला कसा नाही आला?"

काकू पायरीवर बसल्या.

"नाही आला," त्या म्हणाल्या. "मला काहीच येत नाही गं. तापापासून. चवही नाही. नुसती मिरची तेवढी कळते."

सून शेजारी टेकली. "उडालो असतो आपण सगळे," ती म्हणाली, आणि मग रडायलाच लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं, पण धीर कोण कोणाला देतंय ते दोघींनाही कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. भांडी माळ्यावर गेली नाहीत. गॅस पेटवायचा तो सुनेने, मिरची घालायची तीही सुनेने, असं ठरलं. काकू थोडं कुरकुरल्या, पण तयार झाल्या.

आता वडी गार झाली की सून तुकडा तोंडात घालते आणि काकू तिच्या तोंडाकडे बघत बसतात.

"बरी झालीय."

"बरी म्हणजे काय? नीट सांग."

"आधी जरा कडवट... मग लोण्यासारखं विरघळतं. थांबा, आत्ता मिरची आली."

"कुठे? जिभेवर की घशात?"

"घशात," सून सांगते, आणि काकू डोळे मिटून घेतात.