डावा बूट, अकरा नंबर

बूटवाल्या मावशींना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या गल्लीत म्हणतात. साफ खोटं. कारण लागतं, फक्त ते समोरचा माणूस स्वतःच घेऊन येतो. "मावशी, जरा घाई आहे हो," असं लाडात म्हणत कोणी दुकानात शिरला, की मावशी हातातली आरी खाली ठेवून विचारतात, "घाई तुला आहे की बुटाला?"

दुकान वडिलांचं. मोठा भाऊ, म्हणजे दादा, लढाईवरून परतला तो डावा पाय तिकडेच ठेवून. मावशी तेव्हा एकवीस वर्षांच्या. त्यांनी जीव ओतून त्याच्यासाठी बूट शिवले, सवयीने दोन. दादाने उजवा घातला आणि डावा उचलून रस्त्यावर भिरकावला. मावशींनी तो आणला, पुसला, फळीवर ठेवला. चार दिवसांनी उजवा पाय नसलेला एक सुतार कुबड्या टेकत आला, त्याला तो मापात बसला. तिथून सगळं सुरू झालं.

मोठ्या दुकानांत बूट जोडीनेच मिळतात. एकच मागितला तर दुकानदार असा बघतो जणू अर्धं अंडं मागितलंय. म्हणून मावशी एका मापाचे, उलट्या पायांचे दोघे हुडकून काढतात आणि एक जोडी दोघांत वाटतात. ज्याचा वाटेकरी अजून सापडला नाही तो बूट फळीवर थांबतो, आत मापाची चिठ्ठी घालून.

"स्थळ आलंय बघ," मावशी सांगतात. "आठ नंबर, पोस्टातला आहे, चालतो तिरका पण टाच झिजवत नाही."

"रंगाने कसा आहे, मावशी?"

"तपकिरी. तुझं रूप बघता नखरे करू नकोस."

दादाच्या लढाईनंतर आणखी दोन लढाया झाल्या. फळी कधी रिकामी पडली नाही.

वाचनालयाच्या दारावर कागद लागला, 'प्रौढांसाठी वर्ग : युद्ध आणि समाज, दर गुरुवारी संध्याकाळी', तेव्हा मावशी सरळ आत गेल्या आणि टेबलावरच्या बाईंना म्हणाल्या, "ह्या वर्गाला पाय गेलेले लोक येतात का हो?" बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच प्रवेश आहे. चला, गिऱ्हाइकं तरी जुळतील, म्हणून मावशींनी नाव घातलं. पहिल्या गुरुवारी मोजलं तर एकोणीस माणसं आणि पुरेपूर अडतीस पाय.

शिकवणारे सर तरुण, गळ्यात लांब रुमाल, आणि बोलताना दोन बोटांनी हवेतली न दिसणारी माशी पकडायची सवय. "एका अर्थाने बघायला गेलं तर युद्ध समाजाला मोडतं... आणि दुसऱ्या अर्थाने बघायला गेलं तर... घडवतं."

"आणि न बघता गेलं तर?" मागून मावशी.

सर हसले. शेवटच्या गुरुवारी तक्ता लावला. युद्धकाळात बुटांचे कारखाने दुप्पट झाले, तक्त्यावरची रेघ वर वर चढत गेलेली.

"आणि नंतर गिऱ्हाईक एका पायावर आलं, ते कुठल्या तक्त्यात आहे?" मावशी म्हणाल्या.

सरांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं, आणि तिथेच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी ते दुकानात हजर. फळीकडे बघून त्यांचे डोळे पाणावले. वर्गाच्या शेवटी, शनिवारी संध्याकाळी, प्रदर्शन होतं, त्यासाठी काही बूट मिळतील का? मावशींनी कामातून गेलेल्या बुटांची पिशवी बांधून ठेवली, "ही उद्या न्या," म्हणाल्या आणि शनिवारी सकाळी चामडं आणायला बाजारात गेल्या.

दुपारी त्या परततात तोच तिकीटवाला आला. खरं तर अजून तिकीटवाला नाही, व्हायचा होता. चोवीस वर्षांचं, उंचच उंच पोर, शेवटच्या लढाईत उजवा पाय गेलेला. बसस्थानकाच्या तिकीटखिडकीवर नोकरी लागत होती, पण साहेबांनी एकदा परत पाठवलं होतं. चपलेवर चालणार नाही, काळा बंद बूट हवा.

"खिडकीच्या आड पाय दिसतो कुणाला?" मावशींनी तेव्हा विचारलं होतं.

"साहेबांना दिसतो."

माप अकरा. अकरा नंबरचा वाटेकरी म्हणजे दुर्मीळ गोष्ट. आठ महिने शोधून मावशींना नदीपलीकडचा एक पहारेकरी सापडला, त्याला उजवा हवा होता. जोडी कालच आली, उजवा तिकडे गेला आणि डावा फळीवर थांबला होता. सोमवारी सकाळी नऊला साहेबांसमोर उभं राहायचं, ही शेवटची संधी.

मावशींनी फळीकडे हात नेला. फळी रिकामी.

"दादा?"

दादा कोपऱ्यातल्या स्टुलावर ताठ बसलेले. "सर आले होते. म्हणाले, पिशवीतल्या बुटांना चेहरा नाही. म्हणून फळीवरचे दिले मी."

"सगळे?"

"अगं, माझ्या हातात हात घेतला त्यांनी. आजवर कोणी आलंय का असं विचारायला?"

मावशी दादांवर ओरडल्या नाहीत. पकड, हातोडी, सुरी, चामड्याचा तुकडा आणि बूट पालथा घालायचा लोखंडी पाय पिशवीत टाकला आणि पोराला म्हणाल्या, "चल."

वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. समोर दारापेक्षा मोठा काळा फलक, त्याच्यावर एक्केचाळीस बूट तळव्यातून खिळे मारून ठोकलेले. खाली पाटी : 'अनुपस्थिती'. अगदी मधोमध अकरा नंबर.

"मावशी! तुम्हीच हव्या होतात," सर म्हणाले. "कसं वाटतंय?"

"खाली काढा."

"हे... हे दुसऱ्या गावांनाही जाणार आहे. तीन महिने. लोकांना कळायला हवं, की पाय गेलेली माणसं..."

"हा कोण उभाय?"

सरांनी पोराकडे पाहिलं. कुबड्यांवर ते सहा फुटी पोर ओशाळून हसलं. "नमस्कार सर."

"एक्केचाळीस बूट आणलेत, चिठ्ठ्या आत होत्या, एक तरी वाचलीत?" मावशींचा आवाज छताला लागला. "तो पोस्टमन आहे, जिवंत. ती शाळेतली बाई, जिवंत. ह्याला सोमवारी नोकरी आहे. हे सगळे वाट बघतायत, आणि तुम्ही खिळे ठोकता!"

"पण मधला काढला तर सगळी रचना... मी नवीन घेऊन देतो ना, मावशी!"

"घ्या. एक डावा, अकरा नंबर. उद्या रविवार, शोधा दुकान."

सरांची दोन बोटं हवेत गेली आणि माशी न पकडताच खाली आली.

मावशींनी खुर्ची ओढली, वर चढल्या, पकड लावली. खिळा किंचाळत बाहेर आला. आतला तळवा फाटला होता, भोक आरपार. बूट उलटा करून त्यांनी भोकातून सरांकडे पाहिलं. एकच डोळा दिसत होता, आणि तोही पुरेसा होता.

इतक्यात पाहुणे आले, मागे दोन-अडीचशे लोक. खुर्च्या भरल्या. मावशींनी पाहुण्यांच्या टेबलावरचा फुलांचा गुच्छ बाजूला सारून तिथे लोखंडी पाय रोवला, बूट त्यावर पालथा घातला आणि चामड्याचा तुकडा कापायला घेतला.

"मावशी, कार्यक्रम सुरू करायचाय," सर कानाशी कुजबुजले.

"करा की. मी कुठे अडवलंय? तोपर्यंत बाकीचे चाळीस उतरवा. हळू हाताने, चिठ्ठी सांडायची नाही."

"मी?"

"ठोकले कुणी?"

सरांनी लोकांकडे पाहिलं, रुमाल मागे टाकला आणि भाषणाला उभे राहिले. "मित्रहो, एका अर्थाने बघायला गेलं तर..."

ठक्.

"...युद्ध समाजाला..."

ठक्. ठक्.

तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा मावशींनी वरसुद्धा पाहिलं नाही. हातोडी तशीच चालू. पहिल्या रांगेतल्या खुर्चीत तिकीटवाला मोजा चढवून, पाय पुढे करून बसला होता. शेवटी सरांनी कागद घडी करून खिशात घातला, जमिनीवरची पकड उचलली आणि खुर्चीवर चढले.

"खालच्या रांगेपासून," मावशी म्हणाल्या, "आणि खिळा सरळ ओढा. वाकडा ओढलात तर तळवा तुम्हालाच शिवायला लावीन."