हरलेल्या अध्यक्षाचा मेंढा

कुंडलच्या व्यापाऱ्यानं मला फसवलं. शर्तीत मी जिंकलेला मेंढा त्यानं मला दिला नाही. ती शर्त लागली होती अमेरिकेच्या अध्यक्षावर.

ब्याण्णव साली उंब्रजला माझी जनावरांची दावण होती. बापानं जन्मभर पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात दुसऱ्याची मेंढरं राखली. मी हायवेला आलो आणि भांडून, घासाघीस करून धंदा उभा केला. दारात बैल बांधले, म्हशी बांधल्या, पण बाप ज्याच्याकडे नुसता बघत राहायचा तसा माडग्याळी मेंढा माझ्याकडे कधी नव्हता. कुंडलच्या व्यापाऱ्याकडे होता. पांढऱ्यावर तांबडे ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक. मी तीनदा मागितला, तीनदा तो हसला.

बाजार उठला की आम्ही दोघं सुभेदारांच्या हॉटेलात बसायचो. सुभेदार फौजेतून पेन्शनीवर आलेले. गल्ल्याशेजारी रेडिओ, आणि जगाची खबर चहाबरोबर फुकट. त्या दिवाळीनंतर रेडिओवर सारखी अमेरिकेची निवडणूक.

"खुर्चीत बसलेला माणूस कवा पडतो व्हय?" कुंडलकर म्हणाला. "आपल्याकडं सोसायटीचा चेअरमन हालत न्हाई, तर ह्यो तर लढाई जिंकून आलाय."

"पडतात की," सुभेदार म्हणाले. "ह्याच्या आदी एक होता, भुईमुगाचा शेतकरी. बसलेला असून पडला. त्याच्या आदीचाबी पडला. आन् एक तर परत उभाच राहायचा न्हाई म्हणाला. लढाई गळ्याशी आली हुती, टीव्हीवर येऊन सांगून टाकलं."

मला हे फार नवलाचं वाटलं. भुईमुगाचा शेतकरी तिथवर पोचला कसा, आणि पडल्यावर परत शेंगा लावायला गेला का? आणि तो दुसरा, खुर्ची हातात असताना उठला, त्याला काय दिसलं असेल? भाव उतरायच्या आत जनावर सोडणारा धंदेवाला मी ओळखतो. पण खुर्ची सोडणारा मी पाहिला नव्हता. मी सुभेदारांना इतकं विचारलं की ते म्हणाले, "आवं, मला गिऱ्हाईक बघू द्या!"

एक गोष्ट मात्र मला पटकन कळली. हा अध्यक्ष आधी म्हणाला होता, नवा कर लावणार नाही, आणि मग लावला. बाजारात शब्द फिरवला की पुढच्या बाजारी लोक तुमच्या जनावराचे दात बघतात. म्हणून मी म्हणालो, "ह्यो पडणार."

"लावतोस शर्त?"

"तुझा मेंढा, माझा खोंड."

सुभेदारांसमोर हातावर हात पडला.

तो पडला. सुभेदारांनी रेडिओ मोठा केला, मी नवं दावं खांद्यावर टाकलं आणि कुंडलची एसटी धरली. आमच्यात गिऱ्हाइकानं आपलं दावं जनावराच्या गळ्यात घातलं की सौदा पुरा. तोवर जनावर जुन्या मालकाच्याच गोठ्यात, पण शब्द दिला म्हणून दुसऱ्याला विकायचं नाही.

व्यापारी दारातच उभा. "थांब गड्या. त्यो अजून गादीवर हाय. नवा येणार जानेवारीत. त्याच्या गळ्यातलं दावं सुटलं न्हाई, तर माझ्या मेंढ्याचं कसं सुटंल?"

मी चिडायला हवं होतं. पण युक्तिवाद धंद्यातला होता, आणि मला तो आवडला. शिवाय मला तेच कोडं पडलं होतं. हरलेला माणूस अडीच महिने त्याच घरात काय करतो? पाहुण्यांना काय सांगतो? नोकर त्याचं ऐकतात का? मी सुभेदारांना विचारलं. ते म्हणाले, "फौजेत बदली आली तरी चार्ज देईपर्यंत ड्यूटी त्याचीच." मी मानलं आणि थांबलो.

जानेवारीत नवा गादीवर बसल्याचं सुभेदारांच्या टीव्हीवर दाखवलं. हरलेलाही तिथंच होता, अंगावर ओव्हरकोट. त्यानं हात मिळवला आणि निघून गेला. मी तोंडाकडेच बघत होतो. राग कुठं ठेवला असेल ह्यानं? मला तर वासराच्या सौद्यात हरलो तरी दोन दिवस जेवण जात नाही.

दुसऱ्याच दिवशी मी कुंडलला.

"मेंढा मेला रं," तो म्हणाला.

"पुरला कुठं?"

"वड्याच्या पान्यात वाहून गेला."

"पौषात वड्याला पानी कुठलं?"

मी त्याची गचांडी धरली, शेजाऱ्यांनी सोडवलं. त्याची म्हातारी आतून ओरडली, "आरं, जत्रंत त्या कानडी गिऱ्हाइकाला दिलास न्हवं?"

म्हणजे एकीकडे मला थांबवून त्यानं जत्रेत सौदा केला. उंब्रजला परत आलो, तर सुभेदार ऐकून म्हणाले, "जाऊ दे." मी कपबशी आपटली. ते म्हणाले, "बशी नवी हाय." त्यानंतर मी कुंडलकराच्या शेजारी बसलो नाही.

बाप त्याच उन्हाळ्यात गेला. मेंढा आणतो असं मी त्याला जानेवारीआधीच सांगून बसलो होतो. तो रोज विचारायचा, "आलं का जनावर?"

आता मला एवढंच कळत नाही. हरलेल्या अध्यक्षाकडे अख्खं घर होतं, हाताखाली फौज होती, अडीच महिने होते. त्यानं घराचा खिळाही कानडी गिऱ्हाइकाला विकला नाही. कुंडलकरा, तुझ्याकडे एक मेंढा होता, तोही तुझा राहिला नव्हता. तू अजून आहेस, कुंडलातच आहेस, हे मला माहीत आहे. उंब्रजला ये. सुभेदार नाहीत, पण त्यांच्या हॉटेलातलं बाकडं आहे. त्यावर बस, आणि चार माणसांत सांग, माझा मेंढा तू कुणाच्या शब्दावर विकलास? आणि माझा बाप विचारत होता, त्याला मी काय सांगायला हवं होतं?